चूल विझली तरी



मला पाच मिनिटं दिली आहेत. दहावीत बाईंनी अणुविखंडन शिकवलं, तेव्हा मी व्याख्या पाठ करून मार्क मिळवले. अर्थ फार उशिरा कळला. आज तो सांगते, कारण आपल्या ग्रुपवर जैतापूरचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो, "बॉम्बसारखं फुटलं तर?"

युरेनियम-२३५च्या केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की त्याचे दोन तुकडे होतात, उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रकं फोडतात. हीच साखळी. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, कारण संथ न्यूट्रॉन केंद्रक सहज फोडतात. जादा न्यूट्रॉन नियंत्रक कांड्या शोषून घेतात. उष्णतेने तेच पाणी उकळतं, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज होते. इंधनात युरेनियम-२३५ जेमतेम दोन-तीन टक्के, म्हणून अणुबॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही.

धोका वेगळा आहे. कांड्या आत घातल्या की साखळी थांबते, पण फुटलेले तुकडे किरणोत्सारी असतात, ते तापतच राहतात. भट्टी बंद केल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते. चूल विझली तरी निखारे धगधगतात, तसं. त्यांच्यावर पाणी खेळतं ठेवावंच लागतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरपर्यंत शिरलं, इंधन थंड ठेवता आलं नाही आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं.

२२ जुलै २०२१ आपण कोणीच विसरणार नाही. महाडात सावित्रीचं पाणी, पोलादपूरकडे दरडींनी रस्ते बंद. आई-बाबा वरच्या मजल्यावर, मी पुण्यात, फोन लागत नव्हता. आमच्या इमारतीचा जनरेटर तळमजल्यावर, म्हणजे पाण्याखाली. ज्या दिवसासाठी तो घेतला, त्याच दिवशी तो बुडाला. मला फुकुशिमा त्या रात्री समजलं.

जैतापूर हवं की नको, हे मी इथे सांगणार नाही. पण प्रश्न नीट विचारूया. "फुटेल का?" असं नको. "वीज गेली, रस्ता तुटला, तर पंप कशावर चालणार, किती दिवस, आणि जनरेटर किती उंचावर आहे?" असं विचारूया. याचं उत्तर आकड्यात मागता येतं.

बाई, तेव्हा नुसती व्याख्या लिहिली होती. आज उत्तर लिहिलंय, तपासून द्या.