देहाचा भार आणि रक्ताचा दाब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्हीं रोगाचें नांव काढावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विचित्र वाटेल. बाहेर मंडपांत जेवणाची तयारी चालली आहे, पक्वान्नांचा वास येथवर येत आहे, आणि आम्ही तर लठ्ठपणा व पक्षाघात ह्यांवर बोलावयास उभे राहिलों आहों! परंतु आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठीं आम्हांस रात्रीं-अपरात्रीं ज्या घरांतून बोलावणीं आलीं, त्यांपैकीं पुष्कळ घरांत एकच देखावा आमच्या दृष्टीस पडला. काल सायंकाळपर्यंत हंसतबोलत काम करीत असलेला मनुष्य अंथरुणावर पडलेला, तोंड वांकडें झालेलें, हात लुळा पडलेला, आणि जीभ असून बोलतां येत नाहीं. ज्यास पापनिवेदन करावयाचें आहे त्याची वाचाच गेलेली असावी, ह्यासारखें दुःख धर्मगुरूच्या वांट्यास दुसरें क्वचितच येतें. म्हणून आज हा विषय आम्हीं मुद्दाम घेतला आहे.

अकस्मात येणाऱ्या मरणाचें भय कांहीं नवें नव्हे. अवचित व तयारीवांचून येणाऱ्या मृत्यूपासून सुटका व्हावी अशी याचना आपले पूर्वज संतांच्या विनंतीमालेंत करीत आले. १७०५ व १७०६ ह्या सालीं रोम शहरांत अशा आकस्मिक मृत्यूंची संख्या वाढली आणि लोक भयभीत झाले. तेव्हां पोप अकरावे क्लेमेंट ह्यांनीं आपले वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चीसी ह्यांना कारण शोधून काढण्यास सांगितलें. लान्चीसी ह्यांनीं प्रेतांची चिकित्सा केली व १७०७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा रीतीनें मेलेल्यांच्या हृदयांत व मेंदूंत विकृति झालेल्या त्यांना आढळून आल्या. म्हणजे लोकांस जें मरण एका क्षणांत आलें असें वाटलें, त्याची पूर्वतयारी देहांत आधींपासूनच चाललेली होती. आज आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचा पाया हाच.

अलीकडची गोष्ट तर सर्वांच्या स्मरणांत आहे. २१ एप्रिल २०२५ रोजीं, ईस्टरच्या सोमवारीं, पोप फ्रान्सिस ह्यांनीं वयाच्या ८८ व्या वर्षीं देह ठेवला. व्हॅटिकनच्या वैद्यांनीं दिलेल्या दाखल्यांत मेंदूच्या पक्षाघाताचें नांव पहिलें आहे. आणि आधींच्या विकारांत फुप्फुसांच्या दुखण्याबरोबर उच्च रक्तदाब व मधुमेह ह्यांचीही नोंद आहे. हे दोन विकार आपल्यापैकीं किती घरांत आहेत, हें आपणच आपल्या मनास विचारावें.

पक्षाघात म्हणजे काय? मेंदूला क्षणोक्षणीं रक्ताचा पुरवठा लागतो. तो करणारी वाहिनी गुठळीनें बंद झाली, अगर फुटून रक्तस्राव झाला, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग मरूं लागतो. आणि ज्या अवयवावर त्या भागाची सत्ता, तो अवयव निकामी होतो. ह्यालाच कोणी अर्धांगवायु म्हणतात, कोणी लकवा म्हणतात, आणि आपलीं जुनीं माणसें 'अंगावरून वारें गेलें' असें म्हणतात. वस्तुतः वारें कोठूनही येत नाहीं. जें येतें तें आंतूनच येतें.

आतां देहाच्या भाराकडे वळूं. पोटांत सांठलेला मेद हा कोठींतील धान्यासारखा स्वस्थ पडून राहत नाहीं. तो मूत्रपिंडांच्या कामांत अडथळा आणून शरीरांत मीठ व पाणी धरून ठेवतो, रक्तवाहिन्या आवळावयास लावतो, आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी करून रक्तांतील साखर वाढवितो. लठ्ठ मनुष्याचा श्वास झोपेंत वारंवार अडतो, तो मोठ्यानें घोरतो, आणि त्याचा रक्तदाब रात्रीं उतरावयाचा तोही उतरत नाहीं. २००९ सालीं सुमारें नऊ लाख लोकांची माहिती एकत्र करून विद्वानांनीं असें दाखविलें कीं, किलोग्रॅमांतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा आंकडा २५ च्या वर प्रत्येक ५ नीं वाढला, तर पक्षाघातानें मृत्यु येण्याचा संभव सुमारें शेंकडा ४० नीं वाढतो. पांच फूट तीन इंच उंचीच्या मनुष्याचें वजन ६४ किलो असेल तर हा आंकडा २५ येतो. त्यावर सुमारें १३ किलो चढले कीं पहिली पायरी ओलांडली. आपणां भारतीयांस तर त्याहूनही आधीं सावध होणें प्राप्त आहे, कारण आपल्या अंगीं मेद पोटावर लवकर चढतो. म्हणून तराजूपेक्षां शिंप्याची फीत अधिक खरें बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या पुढें गेली म्हणजे वैद्यास भेटावें.

परंतु ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट २०१४ सालीं पुढें आली. अठरा लाख लोकांच्या माहितीवरून असें दिसलें कीं, लठ्ठपणामुळें पक्षाघाताचा जो अधिक धोका येतो, त्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल ह्या तिघांच्या द्वारें येतो. आणि एकट्या रक्तदाबाचाच वांटा सुमारें दोन तृतीयांश आहे. ह्यांतून दोन बोध निघतात. ज्याचें शरीर स्थूल आहे त्यानें हताश होऊं नये. वजन उतरावयास वर्ष लागेल, कदाचित् तें मनाजोगें उतरणारही नाहीं. परंतु दाब आणि साखर आंवरली तर धोक्याचा मोठा भाग आजच कमी होतो. उरलेला चतुर्थांश मात्र त्या तिघांनीं उलगडत नाहीं, म्हणून वजनाकडे दुर्लक्ष करणेंही बरें नव्हे; एक किलो वजन उतरलें तर दाबही सुमारें एका अंशानें उतरतो. दुसरा बोध असा कीं, ज्याचें शरीर कृश आहे त्यानें निर्धास्त राहूं नये. रक्तदाब कंबर पाहून येत नाहीं.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. प्रतिवर्षीं उपवासकाळांत आम्ही खादाडपणावर प्रवचन करीत आलों, आणि तें ऐकतांना सभेंतील स्थूल स्त्रीपुरुषांकडे पाहून बाकीचे गालांत हंसत, हें आमच्या नजरेंतून सुटत नसे. त्या लज्जेनें कोणाचें वजन कमी झाल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. मात्र वैद्याच्या दारीं जाण्यास लाजणारीं माणसें पाहिलीं. आणि ज्याच्याकडे कोणीं बोट दाखविलें नसतें असा आमच्या गायनमंडळांतील एक वृद्ध गृहस्थ, अंगानें काठीसारखा, निर्व्यसनी, वाडींत दिवसभर खपणारा, एके दिवशीं पहांटेच्या मिस्सेला निघाला तो अंगणांतच कोसळला. घरच्यांनीं हातापायांस तेल चोळलें आणि विसाव्यानें बरें वाटेल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली. आम्ही गेलों तेव्हां त्यानें आपल्या चांगल्या हातानें आमचा हात घट्ट धरला. त्याला कांहीं सांगावयाचें होतें, पण शब्द उमटेना. तिसऱ्या दिवशीं तो गेला. त्याचा रक्तदाब उभ्या आयुष्यांत कोणीं मोजला नव्हता. आणि इतक्या वर्षांत आम्हींही त्याला तसें कधीं विचारलें नव्हतें.

त्यानंतर आम्ही स्वतः वैद्याकडे गेलों. आमचा दाब १७८ वर १०४ निघाला. डोकें दुखत नव्हतें, चक्कर येत नव्हती, जेवण उत्तम चाललें होतें! वैद्यांनीं गोळी दिली. तीन महिन्यांनीं दाब ठिकाणावर आला, आणि आतां बरें झालें असें समजून आम्हीं गोळी सोडली. पुढच्या तपासणींत दाब पुन्हां जेथल्या तेथें. दाब उतरला होता तो गोळीमुळें. रोग गेला नव्हता, हें आमच्यासारख्या शिकलेल्या मनुष्यासही उशिरा समजलें. आपणांपैकीं जे कोणी असें करीत असतील त्यांनीं आमच्या मूर्खपणावरून शहाणें व्हावें.

दाब मोजून सोडून दिल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचें आहे. मार्च १९४४ मध्यें हृदयरोगाचे वैद्य हॉवर्ड ब्रून ह्यांनीं त्यांना तपासलें तेव्हां दाब १८६ वर १०८ होता. पुढें १२ एप्रिल १९४५ रोजीं जॉर्जिया प्रांतांत वॉर्म स्प्रिंग्ज येथें, वयाच्या ६३ व्या वर्षीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. त्या वेळीं दाब ३०० च्या घरांत गेला होता. त्या काळीं जगांतील बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षास देण्यासारखें गुणकारी औषध वैद्यांपाशीं नव्हतें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९४८ सालीं, बोस्टनजवळील फ्रेमिंगहॅम गांवांत ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी करण्याचें काम सुरू झालें, आणि उच्च रक्तदाब हा पक्षाघाताचा मोठा हस्तक होय हें त्यांतून सिद्ध झालें. रूझवेल्टना जें मिळालें नाहीं तें औषध आज सरकारी आरोग्य केंद्रांत गरिबासही मिळतें. २०१७ सालीं सुरू झालेल्या रक्तदाब-नियंत्रणाच्या उपक्रमांत आपल्या राज्यांतील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे प्रथम घेतले गेले. वरचा दाब १० अंशांनीं उतरविला तर पक्षाघाताचा धोका सुमारें एक चतुर्थांशानें कमी होतो.

दुसऱ्या विकारांविषयीं थोडक्यांत सांगतों. मधुमेहानें पक्षाघाताचा धोका सुमारें दुप्पट होतो. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार आहे. त्यांत हृदयांत गुठळी होऊन ती मेंदूकडे जाते, आणि धोका सुमारें पांचपट होतो. छातींत फडफडल्यासारखें वाटत असेल अगर नाडी अडखळत असेल, तर तें वयाचें लक्षण समजून बसूं नये. विडी-सिगारेट व लग्नसमारंभांतील बेसुमार मद्यपान ह्यांविषयीं आम्हीं अधिक सांगावयास नको.

मिठाविषयीं मात्र बोललेंच पाहिजे, कारण सुके बोंबील, खारवलेले मासे, लोणचें व पापड ह्यांवर आपण किनाऱ्यावरचे लोक वाढलों. दिवसाला मनुष्यास पांच ग्रॅमांहून कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक चमचाही भरून नको. चीन देशांत ६०० खेड्यांतून एक प्रयोग झाला. ज्यांना पक्षाघात होऊन गेला होता, अगर जे साठीच्या पुढचे असून ज्यांचा दाब वाढलेला होता, अशा सुमारें २१,००० लोकांवर. निम्म्या खेड्यांस नेहमींच्या मिठाऐवजीं चौथा हिस्सा पोटॅशियमचा क्षार घातलेलें मीठ दिलें. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तो असा कीं, तेवढ्यानेंच पक्षाघात शेंकडा १४ नीं कमी झाले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं असें मीठ वैद्यास विचारल्याशिवाय घेऊं नये.

आणि इतकें करूनही प्रसंग आलाच तर? तोंड एका बाजूस ओढलें जाणें, एक हात उचलतां न येणें, बोलणें अडखळणें, ह्यांतील एकही लक्षण एकाएकीं दिसलें तर तेल चोळीत बसूं नका. तोंडांत पाणी, अन्न वा गोळी घालूं नका. किती वाजतां झालें तें ध्यानांत ठेवा, १०८ क्रमांकास बोलवा, आणि जेथें मेंदूचा सी. टी. स्कॅन होतो अशाच इस्पितळांत न्या. कारण वाहिनी बंद झाली आहे कीं फुटली आहे, हें त्यावांचून कळत नाहीं. गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. धर्मगुरूलाही अवश्य बोलवा, परंतु त्याची वाट पाहत गाडी थांबवूं नका. आम्ही इस्पितळांत येऊं.

असो. ह्या महोत्सवाची खूण म्हणून देवळाच्या भिंतींत संगमरवरी पाटी बसवावी असें कांहीं मंडळींनीं सुचविलें आहे. पाटीस आमचा विरोध नाहीं. परंतु तिच्या आधीं रक्तदाब मोजण्याचें एक चांगलें यंत्र, आणि जाड दंडाला पुरेल असा मोठा पट्टाही, धर्मग्रामाच्या सभागृहांत यावा, अशी आमची विनंति आहे; लहान पट्टा जाड दंडावर खोटा आंकडा दाखवितो. आपल्यामध्यें परिचारिकेचें काम केलेल्या भगिनी आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मिस्सेनंतर पांच मिनिटें स्वस्थ बसून प्रत्येक प्रौढानें आपला दाब मोजून घ्यावा. कृशानेंही घ्यावा आणि स्थूलानेंही, आणि कोणीं कोणास हंसूं नये. रांगेंत पहिले आम्ही उभे राहूं.

पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें देऊळ उभारलें ते आपल्या पश्चात् येणाऱ्यांची काळजी वाहून गेले. आपणही तशीच एकमेकांची काळजी वाहूं या, म्हणजे पुढें जेव्हां आमच्यापैकीं कोणाचा हात धर्मगुरूच्या हातांत असेल, तेव्हां त्याच्या ओंठीं शब्दही असतील. आतां जेवावयास चला. आणि पानांत मीठ जरा बेतानें घ्या.