किंकाळीमागचं मागणं

म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 मध्ये अँग्लो-इंडियन वसाहतीसाठी जमीन दिली, आणि बंगळुरूचं व्हाइटफील्ड वसलं. आज तिथे आयटी पार्क आहे, मेट्रो आहे आणि नोकरीपायी आलेली मराठी घरंही आहेत. अशा एखाद्या घरातलं तीन वर्षांचं मूल हाकेला ओ देत नाही, बोलत नाही. डॉक्टर ऑटिझम सांगतात. आजी फोनवरून म्हणते, ‘अगं, याचा बापही उशिराच बोलला.’ आईबाप मात्र थेरपीच्या शोधात निघालेले असतात.

तिथे त्यांना भेटते वर्तन विश्लेषक. तिच्या हातात फार काही नसतं. वही, पेन, घड्याळ, थोडी खेळणी. मूल किंचाळलं की घरचे म्हणतात, हट्टी आहे. ती दोन गोष्टी टिपते: किंचाळण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर त्याला काय मिळालं?

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या व्यवसायाचा कणा म्हणावा असा आहे. मुलं चारच होती. काही जण काम अवघड झालं की त्रास द्यायचे, काही जण मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. पहिल्यांना ‘मला समजत नाही’ अशा अर्थाचं वाक्य शिकवलं, दुसऱ्यांना ‘मी नीट करतोय ना?’ असं. त्रास झपाट्याने कमी झाला. खरी मेख पुढे आहे: कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा हा फरक पडला नाही. ज्याला मदत हवी, त्याला शाबासकी देऊन भागत नाही. वर्तन ‘बंद’ करून दाखवण्याची हमी देणाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचायला हवा.

या व्यवसायाचा भूतकाळ मात्र निष्कलंक नाही. लॉस एंजेलिसच्या इवार लोवास यांनी 1987 मध्ये 19 मुलांचे निष्कर्ष मांडले. आठवड्याला 40 तास शिकवणी, आणि 19 पैकी 9 मुलं सर्वसाधारण शाळेत इतरांच्या बरोबरीने पोचली. जगभरच्या पालकांना आशा वाटली. पण त्या पद्धतीत दरडावणं होतं, मांडीवर चापटीही होती. पुढे ऑटिझम असलेली मोठी माणसंच बोलू लागली: डोळ्यांत डोळे घालायची सक्ती कशासाठी? हात फडफडवले तर कोणाचं काय बिघडतं? हे प्रश्न रास्तच आहेत. चांगली विश्लेषक आज फडफडणाऱ्या हातांच्या मागे लागत नाही. मुलाला पाणी मागता यावं, ‘नको’ म्हणता यावं, यासाठी ती झटते.

बंगळुरूत हे काम रुजवण्यात स्मिता अवस्थी यांच्या ‘बिहेवियर मोमेंटम इंडिया’चा वाटा मोठा. ऑटिझम असलेल्या मुलांच्या उच्चारांवरचं श्रीधर अरवमुदन आणि अवस्थी यांचं संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं.

व्हाइटफील्डच्या मराठी घरांना एक सल्ला हमखास मिळतो: घरात फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळेल. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. या सल्ल्यापायी आजीशी बोलणंच तुटतं, हा तोटा कोणाच्या तक्त्यात येत नाही.

वर्तन विश्लेषक होण्याची वाट आता जरा अडचणीची आहे. या व्यवसायाच्या अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाने 2023 पासून भारतातल्या नव्या उमेदवारांचे अर्ज घेणं थांबवलं. इकडे भारतीय पुनर्वसन परिषद विशेष शिक्षकांची, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते; वर्तन विश्लेषकांसाठी तिथे वेगळा वर्ग नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत त्यांचं नाव आलं, हे बरं झालं. तरी थेरपी केंद्राच्या दारावरची पाटी वाचून आतल्या माणसाचं प्रशिक्षण किती, हे कळत नाही.

म्हणून पालकांनी संकोच सोडावा. सेशनमध्ये बसू द्या, असं सांगावं. नोंदवही दाखवायला लावावी. आणि मूल ‘नको’ म्हणालं तर तुम्ही काय करता, हे पहिल्याच भेटीत विचारावं.