बैल बसतो, इंजिन बसत नाही

(नागपुरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



मे महिन्यात नागपूरचा माणूस संध्याकाळी घराबाहेर पडतो तो दोनच कारणांनी, लग्न नाहीतर रसवंती. (हशा) तुम्ही ट्रेलरच्या वजनावरचं व्याख्यान ऐकायला आलात, म्हणजे तुमच्या घरचा कूलर बिघडलेला असणार. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘वाहन आणि जोडवाहन : क्षमतेचा मेळ’. काल एका स्नेह्याने विचारलं, मेळ म्हणजे काय, पत्रिका जुळवणार का? मी म्हटलं, तेच करणार आहे. इथेही छत्तीस गुण जुळले तरी खरं काय ते उतार लागल्यावर कळतं.

यंत्रशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. पण न्यूटन, घर्षण, अश्वशक्ती हे सगळं तुम्ही शाळेत शिकलात, ते मी सोडून देतो. मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांचे चेहरे खुलले, ते दिसलं मला.

विषय सुचला तो भाच्याच्या फोनमुळे. भाचा टेक्ससमध्ये असतो. त्याने पिकअप घेतला, आपल्याकडे भाजी आणि सिमेंट वाहतो तसा नाही, पाच-सहा माणसं आरामात बसतील असा. मग मागे जोडायला घर घेतलं. चाकांवरचं घर, ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. विक्रेत्याने सांगितलं, तुमचा ट्रक साडेचार हजार किलो ओढतो आणि हे घर भरून सत्तावीसशे किलोचं आहे. डोळे मिटून घ्या. त्याने डोळे मिटले आणि घेतलं.

मी विचारलं, ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, ती वाचलीस का? तिच्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका. त्याने वाचली. किलोत सांगायचं तर सहाशे ऐंशी. म्हणाला, “मामा, हे तर ट्रकमध्ये ठेवायच्या सामानाचं झालं, ट्रेलर तर मागे आहे!”

इथेच सगळे फसतात. ट्रेलर नुसता मागे नसतो. त्याच्या दांड्याचा भार हुकावर बसतो आणि हूक ट्रकला आहे. तो भार ट्रकला पाठीवर वाहावा लागतो. अमेरिकेतल्या या जातीच्या ट्रेलरला भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर ठेवायचा, असा ठोकताळा आहे. सत्तावीसशेचे बारा टक्के धरा, तीनशे चोवीस किलो झाले. नवरा-बायको, दोन मुलं, आणि इथून गेलेले आई-बाबा अशी सहा माणसं. सरासरी सत्तर किलोने चारशे वीस. हुकाचं लोखंड चाळीस किलो. बेरीज करा : सातशे चौऱ्याऐंशी. मर्यादा सहाशे ऐंशी. आणि यात बहिणीने नेलेल्या लोणच्याच्या बरण्या धरलेल्या नाहीत. (हशा)

म्हणजे ट्रक ते घर ओढू शकतो, हे खरं. पण वाहू शकत नाही, हेही खरं. जाहिरातीत ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि वाहण्याचा आकडा दाराच्या चौकटीत लपलेला असतो. शिवाय माहितीपत्रकातलं ट्रेलरचं वजन बहुधा रिकाम्याचं असतं. टाकीत दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो वाढले. पाण्याला सूट नाही.

भाचा हुशार. म्हणाला, “मग सामान ट्रेलरमध्ये मागे सरकवतो, दांड्यावरचा भार कमी होईल.” मी ओरडलोच फोनवर. कारण त्याक्षणी मला आठवला माझा मामा. आता मामाची गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत.

मामाचं गाव हिंगणघाटच्या बाजूला. घरी बंडी. तुमच्यापैकी ज्यांनी बंडी हाकली आहे त्यांना धूर म्हणजे काय, जू म्हणजे काय, सांगायला नको. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो : बंडीला दोन चाकं, मधे आख, पुढे धूर, म्हणजे दांड्या, दांड्यांच्या टोकाला जू, जुवाखाली बैल. साठा आखाच्या थोडा पुढे भरला की भार बैलांच्या मानेवर बेताने येतो. फार पुढे भरला की मान खचते. मागे भरला की बंडी उलाळते. उलाळणं, काय शब्द आहे! माझ्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात याला अर्धं पान खर्ची घातलंय.

कापूस जिनात घालून आम्ही परत निघालो होतो. मी दहा वर्षांचा. बंडी रिकामी, मामा खुशीत. वाटेत गावातल्याच एकाने ढेपेची चार पोती चढवायला लावली. मामाला नाही म्हणवेना. त्या माणसाने पोती टाकली ती मागच्या मागे, उतरवायला सोपी जावीत म्हणून. मीही मागेच पाय सोडून बसलेलो. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. मग नाला आला. उतरलो, आणि पलीकडचा चढ सुरू होताच बंडी उलाळली. जू वर उचललं गेलं, गळ्याखालचं जोतं आवळलं, बैलांना श्वास घेता येईना. आणि डाव्या बाजूचा बैल बसला. सरळ खाली बसला.

दुसरा कोणी असता तर तुतारी टोचली असती. मामा खाली उतरला, बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, “त्यानं नाही म्हटलं ना आता. झालं.” दोन पोती नाल्याकाठी उतरवली, दोन पुढे सरकवली. मग माझ्याकडे वळून, “पोट्ट्या, मागं काय बसला? धुरेवर ये!” मी धुरेवर जाऊन बसलो. जू खाली आलं. बैल उठला. बंडी चढली. उतरवलेली पोती मामाने रात्री दुसरी खेप करून आणली.

माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी. पद : पंचवीस किलोचं वजन. (हशा, टाळ्या)

ही गोष्ट सांगायला मला दोनाच्या जागी सात मिनिटं लागली, हे अध्यक्षांच्या घड्याळाकडे बघून कळतंय. पण माझं सगळं व्याख्यान त्या नाल्यात आहे. टेक्ससच्या भाच्याने सामान मागे सरकवलं असतं तर तेच झालं असतं. फरक एवढाच, की तिथे जू नाही, गळा नाही, म्हणून उलाळलेलं कळत नाही. मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढला की शेपटासारखा डोलायला लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला की निमित्त पुरतं. मग शेपूटच कुत्र्याला हलवतं. अशा वेळी स्टिअरिंग झटकायचं नाही, ट्रकचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर तो लावायचा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. बैलाला नकार देता येत होता, इंजिनाला देता येत नाही. अश्वशक्ती वाढली आणि गाडीचं तोंड बंद झालं. मामाला दर पावलाला बैल सांगत होता, जड झालं, मागे झालं, चढ आला. इंजिन कुरकुरतं तोवर पाटे बसलेले असतात, टायर तापलेले असतात. म्हणून नकार देण्याचं काम आता आपल्यावर आलंय.

इथे एक प्रश्न विचारतो. सभागृहात ट्रॅक्टरवाले बरेच आहेत. ज्यांच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे, त्यांनी हात वर करा. (शांतता.) एक... नाही, ते पंखा बंद करायला सांगताहेत. (हशा)

(सभागृहातून आवाज : “लो गिअरमध्ये उतरवतो ना सर! वीस वर्षं चालवतोय.”)

बरोबर आहे तुमचं. मी तुम्हाला चालवायला शिकवत नाही, रागावू नका. उतारावर खालचा गिअर हाच पहिला ब्रेक. पण ओला रस्ता आहे, ट्रॉलीत रेती आहे आणि समोर अचानक गुरं आली, तर? तुम्ही ट्रॅक्टर थांबवता, ट्रॉली थांबत नाही. ती ट्रॅक्टरला ढकलते आणि कोनात दुमडते. वेग दुप्पट केला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. चाळीसवरून ऐंशीवर गेलात, तर ब्रेकला चार पट काम. यात अनुभवाने सूट मिळत नाही, वीस वर्षांच्याही नाही. आणि चढावर हूक फार उंचावर असेल तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, हे तर तुम्हीच मला सांगाल.

कायद्याकडे येतो, लवकर. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात ट्रॅक्टरची व्याख्याच अशी की जो स्वतः ओझं वाहण्यासाठी बनवलेला नाही असा. किती सुंदर! आपल्या हिंगण्यात ट्रॅक्टर बनतात, त्या तालुक्याच्या वेशीवर हे वाक्य कोरायला हवं. पासिंगपेक्षा जास्त भार नेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च तुमचाच.

पण मला त्याहून आवडतो तो १९६५ चा नियम, ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केंद्राने केलेला. त्यात मध्यम बैलाच्या दोनचाकी गाडीला साध्या चाकांवर सातशे किलो, हवेच्या टायरवर एक हजार पन्नास, बॉलबेअरिंगवर चौदाशे. म्हणजे बैल तोच, चाक बदललं की मर्यादा दुप्पट! गाडीचं स्वतःचं वजनही त्यातच धरलेलं. आणि एक किलोमीटरभर, तीस मीटरला तीन मीटरहून तीव्र चढ असेल तर भार निम्मा. बैल, चाक, चढ, गाडीचं वजन, सगळं मोजलं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चाकांवरचं घर घेऊन निघणाऱ्याने हा बैलांचा नियम खिशात ठेवावा.

कारण आता अशी घरं आपल्याकडेही येणार. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलंय. पेंचच्या वाटेवर उद्या चाकांवरची घरं दिसली तर मला आनंदच आहे. फक्त...

चिठ्ठी आली. “पाच मिनिटे.” अध्यक्षांचं अक्षर छान आहे. (हशा) भोर घाटातल्या रेल्वेबद्दल बोलायचं होतं. कर्जत-लोणावळ्यात चढ सदतीसला एक. तिथे गाडीला मागून इंजिन लावतात आणि ब्रेक सुटलेल्या गाडीसाठी वेगळा रूळ काढून ठेवलाय, वर चढत जाणारा. रेल्वेने गृहीतच धरलंय की कधीतरी गाडी थांबणार नाही. ते पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

जाता जाता कामाची गोष्ट. निघायच्या दिवशी सगळं भरा. माणसं, पाणी, बरण्या, सगळं. मग धर्मकाट्यावर जा. आधी ट्रेलर जोडून पूर्ण वजन घ्या, ते पासिंगशी ताडून पाहा. मग जोडलेलाच ठेवून फक्त ट्रक काट्यावर, ट्रेलरची चाकं खाली. मग ट्रेलर सोडून एकटा ट्रक. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांड्यावरचा भार. तो कमी आला तर सामान पुढे घ्या. तो घालून ट्रकचा भार मर्यादेबाहेर गेला, तर सामान उतरवा, मागे सरकवू नका.

भाच्याने तेच केलं. ट्रेलर बदलून छोटा घेतला. थोडं नुकसान झालं, पण त्याला बैल भेटला तो काट्यावर, नाल्यात नाही.

तेव्हा ट्रॉली असो की घर, जोडण्याआधी काट्यावर जा. आकडा जास्त आला तर वाद घालू नका. त्यानं नाही म्हटलंय. दोन पोती उतरवा आणि रात्री दुसरी खेप करा.