हृदयाचा क्षीण स्वर

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा थेट नर्मदेला जाऊन भिडतात. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असून नदीकांठच्या कांहीं पाड्यांकडे वैद्यकीय पथकास नावेंतून जावें लागतें. अशा पाड्यावर एखाद्याच्या छातींत कळ उठली, तर त्याच्या हृदयाची अवस्था तेथल्या तेथें जाणतां येईल काय, या प्रश्नावर प्रसंगीं त्याचा जीव अवलंबून असतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हॉलंडमधील लायडन येथें आइंटहोव्हेन यांनीं २०व्या शतकाच्या आरंभीं तो नेमका टिपणारें यंत्र सिद्ध केलें. १९२४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक लाभलें. त्या यंत्राचें वजन अडीचशें किलोंहून अधिक होतें. पुढें २१व्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईस पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत ‘सिलिकॉन लॉकेट’ या नांवाचें, अंगावर वागवितां येईल असें हृदयालेखयंत्र घडविण्यांत आलें.

अशा यंत्राचा प्राण म्हणजे त्यांतील वर्धक. त्वचेवर मिळणारा संकेत अवघा एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. घरांतील विजेच्या तारांमुळें शरीरावर उमटणारी गुणगुण याहून कितीतरी मोठी असूं शकते. म्हणून वर्धक शरीरावरील दोन ठिकाणांचे दाब घेऊन त्यांतील फरक तेवढाच वाढवितो; दोहोंकडे सारखी आलेली गुणगुण बव्हंशीं वजा होते.

दुसरा शत्रु मात्र वर्धकाच्या पोटांतच असतो. रेडिओवर दूरचें केंद्र लावलें असतां जशी खरखर ऐकूं येते, तशी खरखर प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्यें उपजत असते. अधिक प्रवाह दिल्यास ती मंदावते. परंतु ती निम्मी करावयाची तर प्रवाह चौपट लागतो. नाण्याएवढ्या, २२५ मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर १० मायक्रोअँपिअर घेणारा वर्धक हिशेबानें सुमारें अडीच वर्षें चालेल; चौपट घेणारा आठ महिन्यांच्या आंत थकेल.

यासाठीं कुशल रचनाकार प्रवाहाचा मोठा वांटा अगदीं पहिल्या दोन ट्रान्झिस्टरांस देतो व त्यांचें क्षेत्रफळहि मोठें ठेवितो. तेथें संकेत एकदां मोठा झाला, कीं पुढील टप्प्यांची खरखर त्यास फारशी बाधत नाहीं. तेथें काटकसर साधते.

मात्र या काटकसरीस मर्यादा आहे. केवळ ठोके मोजावयाचे असल्यास थोडी खरखर चालेल. छातीच्या कळेचें कारण शोधणारा डॉक्टर मात्र आलेखांतील एका मिलिमीटरचा, म्हणजे मिलिव्होल्टच्या दहाव्या भागाचा, उंचवटा पाहत असतो. तो खरखरींत बुडाला, तर बॅटरी कितीहि वर्षें टिकून उपयोग काय? आणि रोगी नावेंत असतांनाच बॅटरी संपली, तर स्वच्छ आलेखाचें तरी काय? ही तडजोड शहरांतील मेजावर ठरते. तिचें फळ पाड्यावरील माणसास भोगावें लागतें.