चाक बदललें, कांटा जुनाच

बैलगाडीच्या धांवेवर चुन्याची खूण करून फेरे मोजीत गेल्यास दोन गांवांमधील अंतर काढतां येतें. मात्र चाकाचा घेर आधीं ठाऊक पाहिजे, आणि वाटेंत चाक बदलतां कामा नये. मोटारसायकलवरील वेगमापकाची विद्या एवढीच आहे. तो रस्ता पाहत नाहीं. चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यांत किती रस्ता तुटतो याचा कारखान्यानें घालून दिलेला हिशेब कांट्यानें दाखवितो.

जुन्या धर्तीच्या अनेक गाड्यांत पुढच्या चाकापासून निघालेली लवचिक तार डब्यांतील लोहचुंबक फिरविते. त्याच्याजवळील धातूच्या वाटींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती चुंबकामागें ओढली जाते. बारीक कमान तिला आवरते, आणि या ओढाताणींत कांटा आंकड्यावर स्थिरावतो. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकानें १९०२ सालीं या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. नव्या गाड्यांत तारेच्या जागीं विजेचा संवेदक आला. तोही फेरेच मोजतो.

बुलढाणा जिल्ह्यांत खेडोपाडीं दिसणाऱ्या कित्येक गाड्यांना ८०/१००-१८ या मापाचे टायर असतात. ८० ही मिलिमीटरमधील रुंदी. १०० म्हणजे रुंदीच्या शेंकडा शंभर उंची. १८ हा रिमचा इंचांतील व्यास. १८ इंचांचे ४५७.२ मिलिमीटर, त्यांत वरची व खालची उंची मिळून १६०; व्यास झाला ६१७.२. त्या जागीं हौसेनें १००/९०-१८ टायर चढविला, तर व्यास ६३७.२ भरतो. प्रत्येक फेऱ्यास शेंकडा ३.२ अधिक रस्ता तुटतो. पूर्वी अचूक असलेला कांटा आतां ६० दाखवितो तेव्हां गाडी जवळजवळ ६२ नें धांवते. १७ इंची रिमवर ८०/१०० टायर बसविल्यास तोच कांटा ६० म्हणतो, पण खरा वेग साडेसत्तावन असतो. ९०/९०-१८ टायर मात्र रुंद असूनही व्यासांत अवघा २ मिलिमीटर अधिक. म्हणून रुंदीवर न भुलतां व्यास काढावा.

ज्या चाकावरून माप घेतलें जातें, त्याचाच हा परिणाम होय. पुढच्या चाकावरून तार निघाली असेल, तर मागील टायर बदलल्यानें कांटा फसत नाहीं. गिअरपेटीवरून माप घेणाऱ्या गाड्यांत मात्र मागचें चाक आणि सांखळीचीं दांतेरी चाकें यांचा परिणाम होतो.

लहान चाकाचें नुकसान पैशाचें. लिटरला ६० किलोमीटर जाणारी गाडी साडेबासष्ट जाते असा भास होतो, आणि गाडी विकतांना न झालेली धांवही खात्यावर पडते. मोठ्या चाकाचें नुकसान जिवाचें. कांट्यानें खऱ्या वेगाहून कमी दाखवूं नये असा आंतरराष्ट्रीय नियम असल्यानें कारखाने त्यास थोडा अधिक दाखविणारा ठेवतात; मोठें चाक ती शिल्लक खाऊन टाकतें. राजूर किंवा बोथा घाटाच्या उतारावर हें ध्यानांत ठेवावें, कारण ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें: वेग ३.२ टक्के, तर अंतर साडेसहा टक्के.

परीक्षा सोपी आहे. मलकापूर-नांदुरा-खामगांव महामार्गावर दहा किलोमीटरचे दगड मोजावे. गाडीवरील अंतरमापक ९.७ दाखवील, तर चाक मोठें झालें, १०.४ दाखवील, तर लहान झालें. नवा टायर घेतांना जुन्याच व्यासाचा मागावा. तो बदललाच असेल, तर गाडी घरांतील दुसऱ्याच्या हातीं देतांना किल्लीबरोबर एवढी गोष्टही सांगावी.