प्रोग्रॅमरचा फावला वेळ

दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला विरंगुळा हवाच कशाला, असा प्रश्न खेड्यापाड्यांतून अजूनही ऐकू येतो. ज्याने औत धरले नाही, ओझे उचलले नाही, उन्हात पाऊल टाकले नाही, तो सायंकाळी दमतो तरी कशाने? आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगूसारख्या गावी, जेथे कपाशीच्या हंगामात माणसे कंबर धरून घरी परततात, तेथे हा प्रश्न उपहासाचा नसतो. त्यात खरे कुतूहल असते. या गावचा एखादा मुलगा हैदराबादेस प्रोग्रॅमर झाला आहे आणि घरून काम करण्याची मुभा मिळाल्यामुळे महिनाभर गावी येऊन राहिला आहे, असे समजावे. सायंकाळी तो डोळे चोळीत ओसरीवर येतो आणि आई विचारते, "दिवसभर बसून तं होता बाबू, मंग दमला कायनं?"

उत्तर देणे सोपे नाही. प्रोग्रॅमरचे श्रम लक्षाचे असतात. यंत्राला द्यावयाच्या आज्ञांच्या हजारो ओळींत एखादे चिन्ह चुकले तरी सारा व्यवहार अडून बसू शकतो, आणि ती चूक हुडकण्यात दोन प्रहर कसे गेले ते कळत नाही. औत सोडले की शेत मागे राहते. हे काम मात्र जेवणाच्या ताटापर्यंत डोक्यात घुमत येते. अशा माणसाला नुसती झोप पुरत नाही. त्याचे मन दुसऱ्या कशात तरी गुंतावे लागते.

सर्वांत हाताशी असलेला विरंगुळा म्हणजे दूरचित्रवाणीवरील चित्रपट. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; त्यानंतरच्या काळात शनिवार-रविवारच्या चित्रपटासाठी ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओसरीवर सारी आळी कशी लोटत असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला. तरीही या सीमेवरच्या घरांत रात्री जेवणानंतर एखादा चित्रपट लागतो, कधी मराठी, कधी तेलुगू, कधी हिंदी. आणि कोणते संवाद कोणाला समजले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. विद्वान मंडळी या करमणुकीला हलकी लेखतात, ते फारसे न्यायाचे नाही. पाहिलेलाच चित्रपट चौथ्यांदा पाहताना आईवडील आणि मुलगा एका सतरंजीवर बसतात, ही गोष्ट काही लहान नव्हे. उणीव आहे ती निराळीच. दिवसभर एका पडद्यापुढे बसलेला मनुष्य रात्री दुसऱ्या पडद्यापुढे बसतो, आणि चित्रपट संपल्यावर त्याच्या हाती काही उरत नाही.

याच कारणाने या व्यवसायातील मोठमोठ्यांनीही हाताला आणि पायाला काम देणारे छंद जवळ केले आहेत. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली लिहिणारे डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या घरात पाइप ऑर्गन बसवून घेतला. रस्त्यावरच्या चौकटीच्या आकाराच्या पिवळ्या सूचनाफलकांची छायाचित्रे जमविण्याचा छंदही त्यांना आणि त्यांच्या पत्नीला आहे. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स समुद्रात बुड्या मारतात. परंतु त्या बुड्यांची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी २०११ साली एक नवी संगणक-प्रणाली लिहावयास घेतली! छंदात धंदा शिरतो तो असा.

छायाचित्रण आणि संगणक यांचे नाते तर घरातूनच जुळले आहे. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रसेल किर्श यांनी संगणकात चित्र उतरविण्याचा प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी निवडले ते आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र. १७६ उभे आणि १७६ आडवे, असे सुमारे एकतीस हजार ठिपके. एवढ्या भांडवलावर ते बाळ संगणकाच्या इतिहासात दाखल झाले.

तलमडुगूचा तरुणही एका रविवारी कॅमेरा घेऊन शेताकडे निघतो. कपाशी फुटलेली आहे, खाली काळी जमीन, वर थंडीतले कोवळे ऊन. तो चित्र घेतो, आणि पांढराशुभ्र कापूस मळकट राखी दिसू लागतो. कॅमेऱ्यातील उजेडमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेवर आणून बसवितो. त्याला ना कापसाची शुभ्रता ठाऊक, ना जमिनीचा काळेपणा. म्हणून चौकट कापसाने भरली असेल तर उजेड थोडा वाढवून द्यावा लागतो, आणि काळ्या मातीने भरली असेल तर कमी करावा लागतो. आठवडाभर यंत्राच्या आज्ञाधारकपणावर भाकरी मिळविणाऱ्याला येथे यंत्राचा शब्द खाली पडू द्यावा लागतो. शिवाय ऊन त्याच्यासाठी थांबत नाही, आणि वेचणाऱ्या बायांना विचारल्यावाचून कॅमेरा रोखणे शोभत नाही.

विचारण्यासाठी बोलावे लागते, आणि बोलण्यासाठी भाषा लागते. येथे मराठी आहे, तेलुगू आहे, गोंडीही आहे. सेतुमाधवराव पगडी यांनी याच जिल्ह्यात निजामाच्या नोकरीत असताना गोंडी आत्मसात केली, तिचे व्याकरण रचले आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. अधिकाऱ्याचे काम त्यावाचूनही भागले असते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला कॅमेरा घेऊन जाणाऱ्या आजच्या तरुणाने तेवढे नाही, तरी चार शब्द शिकून जावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

परंतु या छंदाची खरी परीक्षा जत्रेत होत नाही, ती घरात होते. कित्येक घरांत वडीलधाऱ्या माणसाचे छायाचित्र भिंतीवर लागते ते त्याच्या मागे. त्या दिवशी धावपळ उडते, आणि अखेर आधार कार्डावरचा तो गोठलेला, दचकलेला चेहरा मोठा करून हार घालावा लागतो. मुलाच्या फोनमध्ये त्या वेळी हजारो चित्रे असतात: डोंगर, धबधबे, हॉटेलातली ताटे. बापाचे धड एकही नसते.

म्हणून हा तरुण एका सकाळी वडिलांना गोठ्याच्या दाराशी बसवितो. ते टोपी सारखी करतात, ताठ बसतात, श्वास रोखतात. असे चित्र उपयोगाचे नाही, हे त्याला समजते. तो कॅमेरा खाली ठेवून यंदाच्या भावाविषयी विचारतो. वडील तावातावाने बोलू लागतात, मध्येच बैलाला हाक मारतात, आणि कशावर तरी हसतात. ते हसू सापडते. आदिलाबादेस जाऊन तो त्याची प्रत कागदावर काढून आणतो. आई ती पदराने पुसून देवळीत उभी करते आणि आल्यागेल्याला दाखविते. पुढच्या रविवारी शेजारच्या दोन घरांतून बोलावणे येते, आणि त्या दिवशीचा चित्रपट त्याच्यावाचून सुरू होतो.