जुन्या डिझेल गाडीचं तेलपाणी

मला कवितेवर बोलायला बोलावतील असं वाटलं होतं, पण विषय मिळाला जुन्या डिझेल गाडीचा आणि तिच्या इंजिन ऑइलचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मराठीत कविता लिहिणाऱ्याचं पोट कवितेवर चालत नाही आणि कविसंमेलनाला जायचं तर गाडीत डिझेल लागतं. नाशिकहून मालेगाव शंभर किलोमीटरच्या थोडं वर, धुळं दीडशेच्या वर. चार कवी एका गाडीत कोंबून गेलो तरच मानधनाच्या पाकिटात घरी आणण्याजोगं काही उरतं. म्हणून गाडी लिटरला किती धावते, हा आमच्यात वृत्त-मात्रांपेक्षा जास्त चर्चेचा विषय असतो.

माझी गाडी लोगन. २००९ ची, १४६१ सीसीच्या डिझेल इंजिनाची, सेकंडहँड घेतलेली. तिला मी नाशिककर समजतो, कारण ती इथेच जन्मली. महिंद्रा आणि फ्रान्सची रेनो कंपनी यांनी भागीदारी करून २००७ साली ही गाडी महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनवायला घेतली. मूळ आराखडा रेनोच्या हाताखालच्या रुमानियातल्या डाचिया कंपनीचा. स्वस्त पडावी म्हणून दोन्ही बाजूंचे आरसे एकसारखेच केले, म्हणजे डावा आरसा उजवीकडेही बसावा. दिसायला खोक्यासारखी, म्हणून लोकांनी तिला नाकं मुरडली. २०१० मध्ये भागीदारी संपली, पुढच्या वर्षी तीच गाडी व्हेरिटो नावाने आली आणि टॅक्सीवाल्यांनी तिला आपलंसं केलं. आता ती बनत नाही. पण शिर्डी-त्र्यंबकच्या रस्त्यावर अजून भेटते.

डिझेल गाडी जास्त का धावते? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात हवाच सतरा-अठरा पट दाबतात. ती इतकी तापते की, आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. जितकं दाबाल तितकं त्या जळण्यातून काम जास्त निघतं, अशी ही साधी गोष्ट रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली चालतं इंजिन करून दाखवली. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा जास्त असते. या माणसाचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. १९१३ साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून तो रात्रीत नाहीसा झाला. कसा, ते आजवर नक्की कळलेलं नाही.

आपल्याकडे डिझेल गाड्यांची लाट आली ती मात्र इंजिनाच्या गुणांपेक्षा दरातल्या फरकामुळे. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं. ज्याची ऐपत पेट्रोल गाडीची, तोही कर्ज काढून डिझेल घेई. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं महाग होऊ लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे दर सरकारने मोकळे सोडले आणि ते अंतर आटत गेलं. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्यामुळे आज छोटी डिझेल गाडी म्हटलं की ती बहुधा सेकंडहँडच असते. स्विफ्ट, इंडिका, व्हिस्टा, पुंटो, लोगन... घेणारा बहुधा रोज लांब जाणारा माणूस. शिक्षक, औषध कंपनीचा प्रतिनिधी, द्राक्षांचा व्यापारी नाहीतर माझा भाचा.

भाच्याबद्दल सांगतो. त्याच्याकडे टुरिस्ट परमिटची सेकंडहँड व्हेरिटो आहे. घरात खाणारी पाच तोंडं, गाडीचा हप्ता, मुलीची शाळा, सगळं त्या एका इंजिनावर. "मामू, गाडी बाविसचं अॅव्हरेज देते," असं तो सांगायचा. हा आकडा त्याला गाडी विकणाऱ्याने दिला होता. मी म्हटलं, मोजू या. मोजायची रीत सोपी आहे. एका पंपावर टाकी भरायची. नोजल आपोआप बंद पडलं की थांबायचं, वर आणखी ओतायचं नाही. किलोमीटर लिहून ठेवायचे. तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरायची. धावलेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागायचं. असं तीनदा केलं की खरा आकडा हाती येतो. भाच्याच्या गाडीचा आकडा आला सतरा.

महिन्याला ती चार हजार किलोमीटर धावते. सतराने भागलं तर २३५ लिटर. साडेएकोणीस मिळाले असते तर २०५. तीस लिटरचा फरक. हिशेबाला सोपं म्हणून लिटरला ९० रुपये धरा, महिन्याला २,७०० रुपये धुरात जात होते. मुलीच्या शाळेची फी त्याच्या आसपासच आहे.

गाडी आमच्या उस्तादांकडे नेली. द्वारका परिसरात त्यांचं गॅरेज आहे. त्यांच्या वडिलांनी ट्रकची इंजिनं खोलली, हे मोटारींची खोलतात. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. गाडी जॅकवर घेऊन मागची चाकं हाताने फिरवली. एक चाक जड फिरत होतं, ब्रेक चिकटत होता. टायरमध्ये हवा कमी होती. एअर फिल्टरमध्ये धूळ गच्च बसलेली. मग डिपस्टिक काढली, बोटांवर थेंब घेऊन चोळला आणि म्हणाले, "यात कुणीतरी जाडं ऑइल टाकलंय. आवाज दबावा म्हणून. विकायच्या आधी."

इथे मुख्य मुद्दा येतो. बाजारात ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं गार इंजिन सुरू करताना ऑइल लवकर वरपर्यंत पोचतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची घट्टी सांगतो. झिजलेल्या इंजिनात जाडं ऑइल टाकलं की खडखड दबते, धूरही थोडा कमी होतो. पण इंजिनाला तो दाट रस ढवळत बसावं लागतं आणि त्याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच टाकायचा. शिवाय डब्यावर एपीआयची अक्षरं असतात. एसने सुरू होणारी पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. ती बघायची. २०२० नंतरच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिला कमी राखेचं वेगळं ऑइल लागतं. जुन्या गाडीला त्या महागड्या डब्याची गरज नाही.

"ऑइल काळं झालं, बदला," असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. त्यात बिघाड काही नाही. जळण्यातून काजळी तयार होते, ती धातूवर बसू न देता आपल्यात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. धुण्याचं पाणी मळतं म्हणून साबण वाईट, असं कुणी म्हणत नाही. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. पुस्तिकेतल्या आकड्याच्या थोडं आधी बदललं तर उत्तम, कारण गाडी द्वारकेच्या चौकात तासभर उभी राहते तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच असतं. ऑइलबरोबर फिल्टर बदलायलाच हवा. त्यात पैसे वाचवणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे मी हात टेकले.

काळेपणापेक्षा डिपस्टिकवरची पातळी महत्त्वाची. खूण दोन रेघांच्या मध्ये हवी. वरच्या रेघेच्या वर भरणं हाही धोकाच. क्रँक त्या ऑइलला घुसळतो, फेस येतो आणि फार जास्त झालं तर ते हवेच्या वाटेने आत शिरून इंजिन स्वतःचंच ऑइल जाळायला लागतं. काही न भरता पातळी वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर गळतोय असं समजावं आणि त्याच दिवशी गॅरेज गाठावं. धुराचा रंगही वाचता येतो. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय.

उस्तादांनी ब्रेक, हवा, फिल्टर आणि ऑइल अशी चारही कामं केली. पुढच्या तीन टाक्यांचं अॅव्हरेज साडेएकोणीसच्या जवळ आलं. भाचा ऑइलला श्रेय देऊ लागला, तेव्हा उस्ताद म्हणाले, "ऑइलने फार तर दोन-तीन टक्के फरक पडतो. बाकी ब्रेक आणि हवेचं. ऑइल डिझेल वाचवायला नसतं, इंजिन वाचवायला असतं." माझंही मत तेच. डबा बदलून लिटरला पाच किलोमीटर वाढतील अशी जाहिरात दिसली, तर पान उलटावं.

आता डिझेलबद्दल. आपल्या भागातल्या डिझेलचा मोठा साठा मनमाडजवळ पानेवाडीला असतो. मुंबईच्या माहुलहून जमिनीखालच्या नळातून इंधन तिथे येतं आणि टँकरने पुढे जातं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे रस्त्याकडेला टँकरमधून चाललेली तेलचोरी आणि भेसळ पकडली. त्यांना भरदिवसा पेटवून ठार मारलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा खूप स्वस्त होतं, त्या फरकावर सगळा धंदा उभा होता. त्या काळी मी मनमाडवरून कितीदा गेलो असेन. टँकर दिसायचे, नजर सवयीने पुढे सरकायची.

रॉकेल मिसळलं तर बिघडतं काय? या गाड्यांमध्ये डिझेलला हजाराहून जास्त पट दाब देणारा पंप असतो. त्याला वेगळं ऑइल नाही, डिझेलच्याच ओशटपणावर तो फिरतो. रॉकेल कोरडं. पंप आतून घासतो, त्याचा कीस इंजेक्टरमध्ये जातो आणि काही पैशांच्या भेसळीपायी गाडीवाल्यावर हजारोंचा खर्च येतो. म्हणून ओळखीच्या, गर्दीच्या पंपावर डिझेल भरावं, पावती ठेवावी. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, ते पावसाळ्यात एक-दोनदा काढून घ्यावं.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो. कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचतं, ही समजूत फार चिवट आहे. ती खोटी आहे. गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून उतरलात तर ही इंजिनं डिझेल पूर्ण तोडतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, वर गाडीला आवरायला फक्त ब्रेक उरतात आणि ते तापतात. इंजिन बंद करून उतरणाऱ्याबद्दल मी बोलत नाही, त्याला स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. घाट चढून वर आल्यावर मात्र इंजिन लगेच बंद करू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. अर्धा-एक मिनिट थांबलात तर तो शांत होतो.

सेकंडहँड गाडी घेताना मीटरवर विसंबू नका, मीटर मागे फिरवून मिळतं. सर्व्हिसची कागदपत्रं मागा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा, तिथून धूर भसाभस येत असेल तर नमस्कार करून परत या. लोगनसारख्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला ते विचारा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उतरवावं लागतं. पंधरा वर्षं भरली की फेरनोंदणी आली. २०२२ साली मोटारीला त्याची फी ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीची ती २०२४ साली झाली.

आणखी एक सांगायचं राहिलं, जुन्या ऑइलचं. रिकामा डबा तसाच भंगारात टाकू नका, त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येतो. भोक पाडून टाका. काढलेलं ऑइल गटारीत ओतू नका. आमच्या भागातली गटारं नासर्डीला मिळतात, नासर्डी गोदावरीला. उस्तादांच्या गॅरेजच्या मागे त्यासाठी एक पिंप ठेवलेलं आहे. ते भरलं की नोंदणी असलेला ऑइल शुद्ध करणारा येऊन घेऊन जातो आणि लिटरमागे थोडे पैसेही देतो. त्या पैशांत पोरांचा चहा होतो.